घड्याळातून निघालेली किल्ली

१९९५ च्या उन्हाळ्यात इंटरनेटच्या सुरक्षिततेवरून अमेरिकेत जे भांडण चाललं होतं, ते सगळं किल्लीच्या लांबीवरून. परदेशी जाणाऱ्या सॉफ्टवेअरमधली गुप्त किल्ली ४० बिटांपेक्षा मोठी नको, असं सरकारचं म्हणणं. एवढ्याशा किल्लीच्या भरवशावर बाहेरचं गिऱ्हाईक आमचा माल घेईल का, असा कंपन्यांचा सवाल. वकील, गणिती, हेरखात्याचे अधिकारी, नागरी हक्कवाले असे सगळे हिरिरीने त्यात उतरले होते. किल्ली ४० बिटांची असो की १२८, ती मुळात बनते कशातून, याकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष नव्हतं. सप्टेंबरात बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी नेमकं तेच उघडून पाहिलं.

ज्या ब्राउझरमध्ये त्यांनी डोकावलं, तो नेटस्केप नॅव्हिगेटर. आज हे नाव वाचून चाळिशी ओलांडलेल्यांनाच काही आठवेल. एप्रिल १९९४ मध्ये जिम क्लार्क आणि मार्क अँड्रीसन यांनी कंपनी काढली. अँड्रीसन हा इलिनॉय विद्यापीठात मोझेक हा ब्राउझर लिहिणाऱ्या पोरांपैकी एक. डिसेंबर १९९४ मध्ये नॅव्हिगेटरची पहिली पक्की आवृत्ती आली, आणि बघता बघता वेबवर फिरणारी बहुतेक माणसं त्याच्याच खिडकीतून फिरू लागली. ९ ऑगस्ट १९९५ ला कंपनीचे शेअर बाजारात आले. भाव ठरवला होता २८ डॉलर. पहिला सौदा झाला ७१ ला, दिवस संपला ५८.२५ वर. नफा असा कंपनीला अजून दिसलेला नव्हता. लोक पैसे लावत होते ते एका भाकितावर: उद्याची दुकानदारी याच खिडकीतून होणार.

दुकानदारी म्हटली की क्रेडिट कार्डाचा नंबर आला, आणि तो नंबर दुकानापर्यंत पोहोचेतो वाटेतल्या कितीतरी परक्या यंत्रांतून जाणार. म्हणून नेटस्केपने एसएसएल नावाची पद्धत तयार केली. ब्राउझर आणि दुकानाचा सर्व्हर यांच्यात दर भेटीला एक नवी गुप्त किल्ली ठरते, आणि पुढचं सगळं बोलणं त्या किल्लीने बंद होऊन जातं. गिऱ्हाइकाला हे कळावं म्हणून खिडकीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात एक चित्र असे. साधं पान उघडं असलं की मोडकी किल्ली, सुरक्षित पान आलं की अखंड किल्ली. त्या अखंड किल्लीचे दातसुद्धा मोजून घ्यायचे: दोन दात म्हणजे १२८ बिट, एक दात म्हणजे ४० बिट.

एका दाताची किल्ली आपल्यासारख्यांसाठी. अमेरिकेच्या कायद्यात गुप्तलेखनाची सॉफ्टवेअरं तेव्हा युद्धसामग्रीच्या यादीत, तोफगोळ्यांच्या पंक्तीत बसत. अमेरिका आणि कॅनडाबाहेर जाणारी प्रत ४० बिटांचीच. योगायोग असा, की त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने आपल्याकडे लोकांसाठी इंटरनेट खुलं केलं. निगमचं मुख्यालय मुंबईत, आणि पहिल्या शहरांत मुंबई होतीच. विद्यार्थ्यांच्या स्वस्त शेल खात्यावर नुसती अक्षरं दिसत. नेटस्केप चालवायचा तर त्याच्या कितीतरी पटींनी महाग खातं घ्यावं लागे. ज्यांनी ते घेतलं, त्यांनी रीतसर उतरवलेली नेटस्केपची प्रत एकाच दाताची असणार हे ठरलेलंच.

४० बिट म्हणजे किती? साधारण एक लाख दहा हजार कोटी शक्यता. माणसाला अफाट, यंत्राला बेताच्या. जुलैत हॅल फिनी या अमेरिकी प्रोग्रामरने अशाच एका किल्लीने बंद केलेला संदेश जगापुढे ठेवून आव्हान दिलं होतं. ऑगस्टच्या मध्यावर फ्रान्समधल्या डॅमिएन डॉलिगेझने तो उघडला. सुमारे १२० वर्कस्टेशन्स आणि एक-दोन मोठी समांतर यंत्रं मोकळ्या वेळात कामाला लावून, आठ दिवसांत, एकेक किल्ली घालून पाहत. नेटस्केपने शांतपणे उत्तर दिलं: एका संदेशापायी दहा हजार डॉलरच्या किमतीची गणनशक्ती खर्ची पडली, आणि सापडला तो फक्त तो एकच संदेश. एका कार्डाच्या नंबरासाठी एवढा खटाटोप कोण करील? शिवाय १२८ बिटांची आवृत्ती आहेच, सरकारने ती बाहेर जाऊ द्यावी. उत्तर बिनतोड होतं. कंपनीला हवा होता तो मुद्दाच डॉलिगेझने तिच्या हातात आणून दिला होता.

इथपर्यंत सगळे जण एक गोष्ट गृहीत धरून चालले होते, की त्या लाख कोटी शक्यतांपैकी प्रत्येक किल्ली निघण्याचा संभव सारखाच आहे. इयन गोल्डबर्ग हा कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातून आलेला, डेव्हिड वॅग्नर प्रिन्स्टनमधून. बर्कलीच्या संगणकशास्त्र विभागात दोघेही पीएचडीच्या पहिल्या वर्षाला. किल्ल्या घडवणाऱ्या भागाचा सोर्स कोड नेटस्केपने कुणालाही दिलेला नव्हता. म्हणून या दोघांनी युनिक्सवर चालणाऱ्या ब्राउझरची तयार फाइल घेतली आणि यंत्राच्या भाषेतल्या सूचनांवरून उलटं वाचत मूळ कृती काय असेल ती लिहून काढली. वेळखाऊ आणि कंटाळवाणं काम, पण त्यात अशक्य काही नाही. गुपित म्हणून ठेवलेली कृती लाखो लोकांच्या यंत्रांवर पाठवून दिल्यावर ती किती दिवस गुपित राहणार?

संगणक हे मुळात आज्ञाधारक यंत्र आहे. तेच आकडे द्या, तेच उत्तर येणार. त्याला मनात येईल ती संख्या सांग म्हटलं तर मनच नाही. म्हणून रँडम आकडे हवे असले की त्याला बाहेरून एक बीज पुरवायचं. त्यापुढची आकड्यांची माळ तो स्वतः विणतो. बीज ज्याला कळलं, त्याला माळ कळली. नेटस्केपच्या युनिक्स आवृत्तीत हे बीज तीन-चार जिनसांतून तयार होत होतं: त्या क्षणाची वेळ सेकंदांत, त्याच्यापुढचे मायक्रोसेकंद, ब्राउझर ज्या नंबराखाली चालू आहे तो प्रोसेस नंबर, आणि ज्या प्रोसेसने ब्राउझर सुरू केला तिचा नंबर. हे आकडे थोडे गुणून, सरकवून एमडी-५ या फंक्शनमधून काढायचे, की बीज तयार.

एमडी-५ मधून निघालेला आकडा दिसायला मोठा देखणा असतो. १२८ बिटांचा, कुठेही क्रम नाही, लय नाही. पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आत गेलेले आकडे मोजके, तर बाहेर येणारे आकडेही तितकेच मोजके. मायक्रोसेकंदांच्या शक्यता दहा लाख, म्हणजे २० बिट. दोन प्रोसेस नंबर ज्या रीतीने एकत्र केले होते, त्यातून फार तर २७ बिट. सेकंदाला किंमतच नाही, कारण जो जाळ्यावरची वाहतूक ऐकतो आहे त्याला जोडणी कोणत्या सेकंदाला झाली ते समोरच दिसतं. एकूण ४७ बिट, तेही फारच झालं तर. दोन दातांची जी किल्ली ३९ आकडी शक्यतांमधून निवडलेली म्हणून मिरवत होती, तिची खरी ऐपत एवढीच.

आणि ४७ सुद्धा क्वचित. विद्यापीठांत, कचेऱ्यांत एका युनिक्स यंत्रावर तेव्हा अनेकांची खाती असत. अशा यंत्रावर साधी 'पीएस' ही आज्ञा दिली की चालू असलेल्या सगळ्या प्रोसेसचे नंबर पडद्यावर येतात, शेजाऱ्याच्या ब्राउझरचाही त्यातच. मग उरतात फक्त मायक्रोसेकंद. दहा लाख बीजं एकामागून एक तपासायला एका साध्या एचपी वर्कस्टेशनवर सुमारे २५ सेकंद लागतात, असं या दोघांनी करून दाखवलं. आठ दिवस नाहीत, १२० यंत्रं नाहीत, दहा हजार डॉलरही नाहीत.

पण बरोबर बीज सापडलं हे चोराला कळणार कसं? ही सोय नेटस्केपनेच करून ठेवली होती. जोडणी सुरू होताना ब्राउझर सर्व्हरला एक रँडम आकडा उघडा, न झाकता पाठवतो. तो प्रत्येक वेळी नवा असावा एवढीच अपेक्षा, त्यात लपवण्यासारखं काही नाही. त्याच माळेतला पुढचा आकडा काढून ब्राउझर त्याची गुप्त किल्ली करतो आणि ती सर्व्हरच्या सार्वजनिक किल्लीने झाकून पाठवतो. म्हणजे ऐकणाऱ्याने एक बीज धरायचं, त्यातून पहिला आकडा काढायचा, उघड्यावर आलेल्या आकड्याशी ताडून पाहायचा. जुळला, की पुढचा आकडा ही किल्ली. सार्वजनिक किल्लीमागच्या ज्या आरएसए गणितावर सगळ्यांचा भरवसा होता, त्याला हातही लावावा लागला नाही.

यंत्रावर खातं नसेल तर? त्यावरही दोघांकडे तोड होती, आणि मला त्यांच्या सगळ्या कामात हाच भाग सर्वांत खुमासदार वाटतो. त्या यंत्रावर अस्तित्वातच नसलेल्या माणसाला एक ई-मेल पाठवायची. यंत्र सभ्यपणे कळवतं, असं कुणी इथे राहत नाही. या परतीच्या पत्रावर जो ओळखक्रमांक असतो, त्यात पत्र हाताळणाऱ्या सेंडमेलचा प्रोसेस नंबर आलेला असतो. नंबर ओळीने वाटले जातात, तेव्हा थोड्या वेळापूर्वी सुरू झालेल्या ब्राउझरचा नंबर त्याच्या जरासा मागे असणार. सुरू करणाऱ्या प्रोसेसचा नंबर तर पुष्कळदा नुसता १ असतो, नाहीतर ब्राउझरच्या नंबराहून थोडाच लहान. अंदाजाला फार जागा उरत नाही.

रविवारी, १७ सप्टेंबरला, त्यांनी हे सगळं सायफरपंक मंडळींना कळवलं. गुप्तलेखन सामान्य माणसाच्या हाती यावं म्हणून झटणारी ही सैल टोळी, आणि फिनीचं आव्हानही तिच्यातच फिरलेलं. पत्राबरोबर कृती होती आणि बीज शोधणारा छोटा प्रोग्रामही. मंगळवारी, १९ तारखेला, जॉन मार्कॉफची बातमी 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर आली. शेअर बाजारातली ती धमाल होऊन सहा आठवडेही झाले नव्हते.

कंपनीला हात झटकता येण्यासारखं यात काही नव्हतं. ४० बिटांचं खापर सरकारवर फोडता आलं, हे फोडायचं कुणावर? दोष दोन्ही आवृत्त्यांत सारखाच, शिकागोतल्या गिऱ्हाइकाला तोच आणि मुंबईतल्याला तोच. नेटस्केपने चूक कबूल केली, आणि विंडोज व मॅकच्या आवृत्त्यांनाही ती लागू असल्याचं सांगितलं. काही दिवसांत दुरुस्त आवृत्ती आली. उपाय सांगायला सोपा: बीजात अशा गोष्टी घाला, ज्या दूर बसलेल्याला दिसत नाहीत आणि शेजाऱ्याला मोजता येत नाहीत. उंदीर कुठे कसा फिरला, दोन कळा दाबण्यात किती वेळ गेला, यंत्राच्या अंतर्गत स्थितीचे तपशील, जाळ्यावरच्या वाहतुकीचे आकडे. आधी बीजात सुमारे ३० बिटांचा मजकूर होता, आता तो ३०० च्या घरात नेला, असं कंपनीने जाहीर केलं. पण माझ्या मते खरा उपाय त्याच्या पुढचा होता. बीज तयार करणारा कोड नेटस्केपने बाहेरच्यांना तपासायला खुला केला. ज्या विद्यार्थ्यांना तीच कृती उलटी वाचून काढावी लागली होती, त्यांच्यासारख्यांनाच आता ती पाहा म्हणून सांगितलं.

वापरणाऱ्याच्या बाजूने मात्र दुरुस्ती म्हणजे त्याची त्याने करायची गोष्ट. ब्राउझर रात्रीतून स्वतःला अद्ययावत करून घेतो, हा प्रकार तेव्हा नव्हता. बातमी वाचायची, नवी आवृत्ती उतरवायची, जुनी काढायची. धीम्या मोडेमवर हे किती जणांनी केलं असेल, ते ज्याने त्याने समजावं. आणि नवी आवृत्ती टाकली तरी आधी कुणी टिपून ठेवलेलं संभाषण वाचता येणारच होतं, त्यावर इलाज नाही.

त्याच सुमारास नॅव्हिगेटरमध्ये आणखी एक खोट उघड झाली. पत्त्यात सर्व्हरचं नाव भलतंच लांब दिलं की ब्राउझर कोलमडे. सायफरपंकांपैकी एकाने तर नेटस्केपची सुरक्षा मोडणाऱ्याला टी-शर्ट देण्याची टूम काढली. नेटस्केपने मग शहाणपणा केला. १० ऑक्टोबर १९९५ ला, नॅव्हिगेटर २.० च्या चाचणी आवृत्तीबरोबर, 'बग्ज बाउंटी' नावाची योजना जाहीर झाली: सुरक्षेतली गंभीर खोट दाखवा, रोख बक्षीस घ्या. बाकीच्या चुकांना कंपनीच्या भेटवस्तू. आज मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या अशा बक्षिसांवर दरवर्षी मोठाल्या रकमा खर्चतात. त्यांचा वंश इथून सुरू होतो.

या प्रकरणातली माझ्या मते सर्वांत बोचरी तारीख वेगळीच आहे. डिसेंबर १९९४ मध्ये, म्हणजे नॅव्हिगेटर १.० आला त्याच महिन्यात, इंटरनेटच्या तांत्रिक टिपणांच्या मालिकेत आरएफसी १७५० हे टिपण निघालं. डोनाल्ड ईस्टलेक, स्टीव्ह क्रॉकर आणि जेफ्री शिलर यांनी लिहिलेलं, विषय सुरक्षेसाठी रँडम आकडे कसे मिळवावेत. संगणकाच्या घड्याळावर विसंबू नका, त्यातून वाटते त्याहून फार कमी अनिश्चितता मिळते, हे त्यात स्वच्छ बजावलं होतं. फुकट, कुणालाही वाचता येईल असं. त्याच वर्षी लिनक्समध्ये थिओडोर त्सो यांनी यंत्रातल्या उलाढालींतून रँडम आकडे साठवून देणारी सोयही घातली होती. ज्ञानाची वानवा नव्हती. घाई होती, आणि एमडी-५ वापरलं म्हणजे झालं, असा समज होता.

हा समज एकट्या नेटस्केपचा नव्हता. फेब्रुवारी १९९६ मध्ये पर्ड्यू विद्यापीठातल्या युजीन स्पॅफर्ड यांच्या प्रयोगशाळेने दाखवून दिलं, की केर्बेरोसच्या चौथ्या आवृत्तीतही किल्ल्यांचं बीज असंच अंदाज करता येण्याजोगं आहे. केर्बेरोस म्हणजे एमआयटीत जन्मलेली, विद्यापीठांत आणि कंपन्यांत ओळख पटवण्यासाठी वर्षानुवर्षं वापरली गेलेली पद्धत. तिचा सोर्स कोड तर उघडा होता. म्हणजे कोड खुला असून भागत नाही, नेमक्या त्या ओळींवर कुणाची तरी नजर पडावी लागते. ती पडायला काही वर्षं गेली.

निर्यातीचा वाद पुढे आपल्या गतीने चालला. जानेवारी १९९७ मध्ये गोल्डबर्गने विद्यापीठातली सुमारे अडीचशे यंत्रं लावून आव्हानासाठी दिलेली ४० बिटांची एक किल्ली साडेतीन तासांत मोडली. पुढे नियम सैल होत होत २००० च्या जानेवारीत बहुतेक बंधनं गेली, आणि बाकीच्या जगालाही दोन दात फुटले. नेटस्केप तोवर मायक्रोसॉफ्टशी झुंजून थकलेला होता. त्याचा कोड १९९८ मध्ये खुला झाला आणि त्यातून मोझिला उभं राहिलं. आता रँडम आकडे स्वतः घडवण्याच्या भानगडीत ब्राउझर फारसा पडत नाही, ते ऑपरेटिंग सिस्टिमकडून मागून घेतो. वेबपान लिहिणाऱ्यांसाठीही 'गेट-रँडम-व्हॅल्यूज' ही वेगळी सोय आहे. तरी 'मॅथ-रँडम'ने पासवर्ड बनवणारा कोड अजून भेटतोच. तो आकडा खेळातले फासे टाकायला ठीक, गुपितासाठी नाही, हे दस्तऐवजात लिहिलेलं असतं.

बर्कलीच्या त्या ई-मेलला बरोबर अकरा वर्षं झाली त्या दिवशी, १७ सप्टेंबर २००६ ला, डेबियन लिनक्सच्या 'अनस्टेबल' शाखेत ओपनएसएसएल या गुप्तलेखनाच्या सॉफ्टवेअरचं एक नवं पॅकेज चढलं. स्मृतीतल्या चुका शोधणारं एक अवजार दोन ओळींवर सारखी तक्रार करत होतं, म्हणून सांभाळणाऱ्याने त्या काढून टाकल्या. काढण्याआधी त्याने ओपनएसएसएलच्या मंडळींना विचारलंही होतं, कुणी हरकत घेतली नाही. त्यातली एक ओळ बीजात बाहेरची अनिश्चितता मिसळणारी होती. ती गेल्यावर बीजात बदलतं असं उरलं फक्त प्रोसेस नंबर, जास्तीत जास्त ३२,७६८ शक्यता. जवळजवळ वीस महिने डेबियन आणि उबुंटूवर याच मूठभर किल्ल्या पुन्हा पुन्हा घडत राहिल्या. १३ मे २००८ ला, लुसियानो बेयोला हे सापडल्यावर, दुरुस्त पॅकेज निघालं. पण नेटस्केपच्या किल्ल्या एका भेटीपुरत्या होत्या, या वर्षानुवर्षं चालणाऱ्या. नवं पॅकेज टाकून सुटका नव्हती. त्या काळात त्या यंत्रांवर बनलेली सर्व्हरांची प्रमाणपत्रं आणि लॉगिनच्या किल्ल्या एकेक शोधून रद्द कराव्या लागल्या. डीएसए जातीच्या किल्ल्यांचं तर आणखी वाईट: दुसऱ्या, धडधाकट यंत्रावर बनलेली किल्लीसुद्धा बिघडलेल्या यंत्रावर सही करायला एकदा वापरली गेली असली, तरी ती फुटलीच असं धरून चालावं लागलं.